फाटकाबाहेरून दिलेली खबर

बायकोचे तेरावे उरकून तानाजी कोपरीहून खाडीकाठच्या कापडगिरणीवर गेला, आणि आपली नोकरी गेल्याचे त्याला फाटकावरच कळले. तो ज्या मागावर कापड विणायचा, तिथे आता मुकादम पोपटाचा मेहुणा उभा होता.

"बिनपरवानगी गैरहजर," कारकून त्र्यंबकरावांनी हजेरीपुस्तकातून वाचून दाखवले. "साहेबांचा हुकूम आहे. मी काय करणार?"

"रावसाहेब, सगुणा गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आलो होतो की! सुतकी माणूस आत कसा शिरणार? फाटकाबाहेरनं ओरडून सांगितलं, तेरा दिवस येत नाही म्हणून."

"रजा टेबलापाशी येऊन मागायची, असा नियम आहे."

"आणि सुतकात टेबलाला शिवला असता, तर तुम्हीच आंघोळीला पळाला असता!" मागून गंगूबाई कडाडली. सूत गुंडाळायच्या खात्यात तिची सोळा वर्षे गेली होती.

"गंगूबाई, तू आपलं काम बघ."

"बघतेच आहे. फाटकावरच्या पाटीवरचा नियम आम्हाला तुम्हीच वाचून दाखवलात ना? आम्ही काम सोडायचं तर महिनाभर आधी सांगायचं. न सांगता गेलो तर साहेब कोर्टात खेचणार. आणि साहेबानं काढायचं तर? एका दिवसाची सूचना नाही, 'तुझं म्हणणं काय' एवढं विचारणंही नाही!"

"अगं, सरकारनं गिरण्यांचा नवा कायदा केलाय."

"केला. रविवार मिळाला, बायांचे तास ठरले. माणसाला काढायचं कसं, याचं एक अक्षर तरी आहे का त्यात?"

तानाजीला भांडायचे त्राण नव्हते. घरी चूल पेटवणारी गेली होती, आता पोटाचे साधनही गेले. तो एवढेच म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही खिडकीत होता. मी तुमच्याकडे बघूनच ओरडलो. खरंच ऐकू आलं नाही?"

त्र्यंबकरावांची मान खाली गेली. स्वतःचे वडील वारले, तेव्हा त्यांनी घरबसल्या निरोप धाडला होता. साहेबांनी तेवढ्यावर रजा दिली होती!

"ऐकलं होतं रे," ते म्हणाले. "ऐकून गैरहजर लिहिलं. चुकलो मी!"

त्यांनी शेरा खोडला. 'खबर मिळाली होती, मी स्वतः ऐकली,' असे लिहून खाली सही केली आणि पुस्तक घेऊन ते साहेबांसमोर उभे राहिले. साहेब संतापले, पण खोडलेला शेरा पुन्हा लिहायला त्र्यंबकरावांनी साफ नकार दिला.

वाचकहो, माणसाला कामावरून काढणे म्हणजे पुस्तकात एक रेघ मारणे नव्हे! त्याचे ऐकून न घेता ती रेघ मारणारा हात अन्याय करतो, मग तो साहेबाचा असो की तुमच्याआमच्यासारख्या पगारी कारकुनाचा.

तानाजीवरचा डाग पुसला गेला, पण माग रिकामा नाही असे सांगून साहेबांनी त्याला कामावर घेतलेले नाही. पाटीवरचा नियम तसाच आहे. काढण्यापूर्वी माणसाला विचारावे, असा कायदा अजून झालेला नाही.