पांढरा कंदील

इवाजिरोला युद्धातलं फारसं कळत नसे, पण कंदिलांतलं कळे. जपानातल्या गिफू गावात पिढ्यान्‌पिढ्या कागदी कंदील करणाऱ्या घराण्यातला तो. विजय झाला की गावातून मिरवणूक निघे, आणि मिरवणुकीला पांढऱ्या कागदावर लाल सूर्य काढलेले कंदील लागत. त्यामुळे विजय केवढा, हे त्याला वर्तमानपत्रापेक्षा मागणीवरून नेमकं समजे. सिंगापूर पडलं तेव्हा सूर्य रंगवून रंगवून त्याचे पंजे महिनाभर लाल होते.

"अहो, हात घासून धुवा," त्याची बायको तोमे म्हणाली. "लोकांना वाटेल, तुम्हीच घेतलंत सिंगापूर."

त्याच वर्षी जूनमध्ये मिडवे बेटाजवळच्या लढाईत विजय झाला. रेडिओवर नेहमीचा बँड वाजला. शत्रूची दोन विमानवाहू जहाजं बुडाली, आपलं फक्त एक बुडालं आणि एकाला जरा लागलं. कुठलं, ते सांगायचं राहून गेलं. इवाजिरोने बांबूच्या कामट्या भिजत घातल्या, रंग खलला आणि मागणीची वाट पाहत बसला. मागणी आलीच नाही. शेवटी तो मुरासेकडे गेला. मुरासे मूळचा टोफूवाला. युद्धाने सोयाबीन नेलं आणि बदल्यात त्याला गल्लीवर नजर ठेवणाऱ्या शेजारमंडळाचं प्रमुखपद दिलं.

"मुरासेसाहेब, विजय झाला ना?"

"झाला की! दणदणीत."

"मग कंदील?"

मुरासे इकडेतिकडे बघत म्हणाला, "हा विजय जरा शांतपणे साजरा करायचाय."

इवाजिरो पाय ओढत घरी आला. त्याचा आणि तोमेचा एकुलता मुलगा सेइकिची तसल्याच एका विमानवाहू जहाजावर होता.

जुलै सरता सरता सेइकिचीचा एक सोबती दारात उभा राहिला. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांनी बांधलेले. चहाची वाटी तोमेनेच त्याच्या ओठांना लावली.

"जहाज सुखरूप आहे," तो पाठ केल्यासारखा म्हणाला. "सेइकिची मजेत आहे. यापुढे बोलायची आम्हाला मनाई आहे."

निघताना त्याने तोमेला वाकून नमस्कार केला. कपाळ चटईला टेकलं ते वर येईचना. तोमेनेच त्याला खांद्याला धरून उठवलं.

तो वळणाआड गेल्यावर ती म्हणाली, "जिवंत पोराच्या आईला इतकं वाकून कुणी नमस्कार करत नाही."

ऑगस्टात पितर घरी येतात. जुन्या पितरांना वाट पाठ असते, पण वर्षाच्या आत गेलेला नवखा असतो. त्याच्यासाठी त्या पहिल्या वर्षी दारावर कोरा पांढरा कंदील लावायचा, म्हणजे त्याला घर सापडतं. असे कंदील इवाजिरोने जन्मभर दुसऱ्यांच्या दारांसाठी केले होते. या खेपेला आपल्या दाराला एक केला, आणि टांगला. मेणबत्ती पेटवणार तोच मुरासे धापा टाकत आला.

"अरे, हा कुणासाठी?"

"सेइकिचीसाठी."

"त्याला काय धाड भरलीय?"

"गेला तो."

"कोण म्हणतं? नौदल म्हणतंय जहाज तरंगतंय, आणि तू इथे गिफूत बसून बुडवतोस होय!" मग मुरासे आवाज खाली आणून म्हणाला, "इवाजिरो, लष्करी पोलीस विचारतील, तुला सांगितलं कुणी? तो हात भाजलेला पोरगा तुझ्याकडे येताना सगळ्या गल्लीने पाहिलाय."

इवाजिरोने मेणबत्ती खाली ठेवली.

"उतरव. नाहीतर असं कर, सूर्य काढ त्यावर. सूर्य असला की कुणी काही विचारत नाही."

इवाजिरोने कुंचला आणला आणि मुलाच्या कंदिलावर सूर्य काढला. हात सवयीचा, त्यामुळे गोल अगदी सुरेख आला.

"अहो," तोमे म्हणाली, "त्याला वाटेल, इथं मिरवणूक आहे. तो पुढे निघून जाईल."

त्यानंतर विजय होतच राहिले, फक्त दर वेळी थोडे घराकडे सरकत. रेडिओ म्हणे, ग्वादालकनाल बेटावरून फौज मागे हटली नाही, तिने तोंड फिरवून आगेकूच केली. सायपान बेटावर सगळे वैभवात मेले. कंदिलांचा कागद सरकारजमा झाला आणि समुद्रापार बाँब नेणाऱ्या फुग्यांना गेला. इवाजिरो आणि तोमेला गावाबाहेरच्या शाळेत तेच फुगे चिकटवायला बसवलं. खळ कंदाची, खाण्याजोगी. चाटायला सक्त मनाई होती, म्हणून सगळे चाटत.

युद्धाच्या शेवटच्या वर्षी वसंतात सेइकिचीच्या मरणाला सरकारी मंजुरी आली. मिडवेला गेलेला मुलगा आता कायदेशीर मेला होता, आणि ऑगस्टात पांढरा कंदील लावायला कुणाची हरकत उरली नव्हती. जुलैत विमानं आली आणि गिफू जळालं. घर गेलं, दुकान गेलं, गल्ली कुठून वळत होती तेही कळेना.

पितर यायच्या दिवसांतच, भर दुपारी, रेडिओवर युद्ध संपलं. सम्राटाची भाषा इतकी दरबारी होती, की आपण हरलो हे लोकांना एकमेकांना विचारून घ्यावं लागलं.

संध्याकाळी इवाजिरोने कोरा कंदील बांधला. फुग्याचा कागद त्याने पोटाशी लपवून आणला होता. दार नव्हतं, म्हणून राखेत एक जळका वासा रोवून त्यावर टांगला. मुरासे आला. त्याची बायको आणि धाकटी मुलगी जुलैच्या आगीत गेल्या होत्या. तो कंदिलाकडे बघत उभा राहिला.

"सूर्य काढू?" इवाजिरोने विचारलं.

मुरासेने नकारार्थी मान हलवली. "मी इथं बसू का जरा? आमच्याकडे कागद नाही."

"बसा."

इवाजिरोने मेणबत्ती पेटवली. दूरवर काळी सपाट जमीन, आणि उजेड तेवढा एकच.

"अहो," तोमे म्हणाली, "सगळ्या गावाचे मेलेले इकडेच यायचे. एवढ्या गर्दीत आपला शिरणार कुठून?"

मेणबत्ती बोटाच्या पेराएवढी होती, आणि सेइकिचीला फार लांबून यायचं होतं.