कात्रीबाईंचा खेकडा

"आईंसाठी सूप आणा, मऊसर काहीतरी," सून वेटरला म्हणाली.

"आईंच्या तोंडात जीभ आहे," कात्रीबाई म्हणाल्या. "अख्खा खेकडा. वाफवलेला, कवचासकट. सोलून आणलात तर परत पाठवीन."

मुलाने कपाळाला हात लावला.

कात्रीबाई हे गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. हयातभर शिवणाचं दुकान चालवताना बाईंनी कापडावर कात्री आणि माणसांवर जीभ सारख्याच धारेने चालवली होती. हिवाळ्यात उजवा हात लुळा पडला, तेव्हा मुलाने त्यांना आपल्या घरी आणलं. हात बराचसा परत आला, पण मुलाच्या खिशात गेलेली त्यांच्या घराची किल्ली काही परत आली नाही. विषय काढला की तो म्हणायचा, "हाताला जोर नाही आई, एकटी कशी राहशील?" आता तर घर भाड्याने द्यायचं घाटत होतं. उद्या माणसं बघायला येणार होती. आजचं जेवण त्यासाठीच, गोडीगुलाबीने गळी उतरवायला. एवढं न कळायला बाई काही दुधखुळ्या नव्हत्या.

खेकडा आला. वाफ नाकात शिरली आणि समुद्रावरच्या सुट्ट्या आठवल्या. भाड्याची एकच खोली, ढीगभर भावंडं आणि पातेलंभर खेकडे. वडिलांचा नियम असा, की आत कणभर मांस न ठेवता खेकडा खायचा आणि कवच, पाय, नांग्या पुन्हा जुळवून ताटात अख्खा उभा करायचा. ज्याचा उभा राहील, त्याच्या गळ्यात दिवसभर खोलीची किल्ली. मग थोरल्या दादालाही आत जाताना विचारावं लागे. बाई सगळ्यांत धाकट्या, पण किल्ली बहुतेक त्यांच्याच गळ्यात असायची. ही गोष्ट ऐकून ऐकून मुलाचे कान किटले होते.

"दे, मी फोडतो."

"हात लावून तर बघ!"

पहिलीच नांगी उजव्या हातातून निसटली आणि थेट सुनेच्या भातात जाऊन पडली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. बाईंनी ती शांतपणे उचलून घेतली, डाव्या हाताने धरली आणि दातांनी कडकन फोडली. आतलं मांस गोड होतं, अगदी तेव्हासारखं. रस कोपरापर्यंत ओघळला, तो त्यांनी ओघळू दिला. आजारपणानंतर आज पहिल्यांदा त्या मनापासून जेवत होत्या.

"आई, उद्या ती माणसं..."

"जेवताना बोलू नये."

मग त्या जुळवायला बसल्या. पाठीचं कवच, एकेक पाय, दोन्ही नांग्या. शेवटचा पाय मुद्दाम उजव्या हाताने घेतला. मुलाचा घास हातातच राहिला. पाय दोनदा पडला, तिसऱ्यांदा बसला. ताटात खेकडा उभा राहिला.

बाईंनी हात पुसून उजवा तळवा पुढे केला.

"किल्ली."

"आई, तो लहानपणीचा खेळ होता गं."

"आणि हे माझं घर आहे."

तो खेकड्याकडे बघत राहिला.

"दे ना," सून हळूच म्हणाली.

त्याने खिशातून किल्ली काढून आईच्या तळव्यावर ठेवली. बोटं मिटायला वेळ लागला, पण मिटली.

"त्या माणसांना येऊ नका म्हणून कळव," बाई म्हणाल्या. "आणि तू ये खुशाल. फक्त आत येताना मला विचारायचं."