शनीची कडी आणि उपरण्याखालचा हात

लाटंबार्से गावातल्या देवळापुढचं पटांगण तिन्हीसांजेलाच माणसांनी फुलून गेलं होतं. मांडवात पांढरा पडदा, पुढ्यात धगधगतं होमकुंड आणि होमाच्या धुरातूनच आभाळाकडे रोखलेली भलीमोठी दुर्बीण. दुर्बिणीला कॅमेरा, कॅमेऱ्याला लॅपटॉप आणि लॅपटॉपमागे एक हात उपरण्याखाली घेतलेले ग्रहदर्शी महाराज. पडद्यावर कडीसकट शनी थरथरत होता. तो खराखुरा शनीच होता, म्हणून तर लोक हात जोडून उभे होते.

"पाकळीचा कौल विसरा!" महाराज गरजले. "मूर्तीवरची पाकळी उजवी पडते की डावी, हे बघण्यात तुमच्या पिढ्या गेल्या. इथं खुद्द शनिदेव कौल देतात! नाव सांगा. देव शांत असेल तर कडी दिसेल. देव कोपला तर कडी गिळून टाकेल! बघा, रागानं कसा थरथरतोय!"

कौल लावल्याशिवाय इथं विहिरीला कुदळ लागत नाही. नेमकं तेच हेरून या भामट्यानं दुकान थाटलं होतं.

विनोदिनी गर्दीतून वाट काढत पुढे घुसली. डिचोलीच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि घराच्या गच्चीवरून ग्रहांचे व्हिडिओ घ्यायची. पण आज तिला ग्रहाशी कर्तव्य नव्हतं. पहिल्या रांगेत तिची भावजय सोनाली बसली होती आणि तिच्या मांडीवर नऊ वर्षांची सायली पडली होती. पोरीला मधुमेह, रोज इन्सुलिनची सुई. महाराजांनी ती काल बंद करायला लावली होती. भाऊ खाणीचा ट्रक घेऊन बाहेरगावी. विनोदिनीला हे शेजारणीकडून आत्ता कळलं होतं.

"सोनाली, उठ! तुजां चेडू सारखा ओकता, श्वास बघ तेचो कसो चलता. इस्पितळात चल!"

सोनालीनं लेकीला आणखी घट्ट धरलं. "वन्सं, देवाच्या वाटेक जाव नकात. आज कौल मिळतलो. मगे मी सुई टोचतंय."

"सायली!" महाराजांनी नाव पुकारलं.

पडद्यावरचा शनी फुगत गेला. कडी पांढऱ्या गोळ्यात विरघळली आणि शेजारी एक बारीक ठिपका उगवला.

"कोपला! तो बघा राहूचा दूत! सुई बंदच!"

ठिपका दिसला आणि विनोदिनीचं डोकं भडकलं. तो टायटन, शनीचा सगळ्यात मोठा चंद्र. कॅमेऱ्यात प्रकाश जास्त घेतला की तिच्या गच्चीवरही तो असाच उगवायचा आणि कडी अशीच जळून जायची. तिनं पुढं होऊन महाराजांचं उपरणं हिसकलं. खाली त्यांचा हात माऊसवर होता.

"अपवित्र! यंत्राला शिवू नकोस!"

"गप्प बस!" माऊस तिच्या हातात आला होता. महाराजांनी पडद्यावरून लपवलेली कॅमेऱ्याच्या सेटिंगची पट्टी तिनं उघडून सगळ्यांसमोर आणली. "हे एक्स्पोजर. एकेका चित्रासाठी कॅमेरा डोळा किती वेळ उघडा ठेवतो ते. हे गेन, आलेला प्रकाश किती फुगवायचा ते. ग्रहासाठी दोन्ही बेतानं ठेवतात. आता वाढवते. गेली कडी? कमी करते. आली? आता याच महाराजांचं नाव घेते. बघा, कोपला!"

मांडवात हशा पिकला. म्हातारा बाबली मात्र अडून बसला. "आनी थरथरता तां?"

"बाबलीकाका, होम इझवा."

कुणीतरी घागर ओतली. धग ओसरली तसा शनी बराचसा स्थिरावला. तापलेली हवा हलते, म्हणून ग्रह हलताना दिसतो. चांगल्या चित्रासाठी लहान एक्स्पोजरचा व्हिडिओ घेऊन त्यातली स्वच्छ चित्रं निवडावी लागतात. हा मात्र मुद्दाम दुर्बिणीपुढे आग पेटवून देवाचा राग दाखवत होता.

सोनाली उठली. लेकीला कडेवर घेऊन तिनं स्वतः माऊस सरकवला. कडी गेली. परत सरकवला, कडी आली. मग ती महाराजांकडे वळली.

"ह्येच्यासाठी माझ्या चेडवाची सुई बंद केलंस?" एवढंच ती ओरडली आणि विनोदिनीच्या गाडीकडे धावली.

इस्पितळात सायली वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हातची गेली असती. हे ऐकूनही विनोदिनीचा राग निवला नाही. महाराज गर्दीतून निसटला होता आणि उद्या दुसऱ्या गावात तोच पडदा लावणार होता.

म्हणून आता विनोदिनी स्वतःच आपली दुर्बीण घेऊन गावोगाव फिरते. सोनाली बरोबर असते. लोकांच्या हातात माऊस देऊन सोनालीच सांगते, "तुमीच फिरवन बघा." बाबांनो, शनीला तुमचं नाव ठाऊक नाही. कौल हवा असेल तर रक्त तपासा, डॉक्टरला विचारा. आणि चमत्कार दाखवणाऱ्याचा हात उपरण्याखाली असेल, तर आधी ते उपरणं ओढा.