इनास बटलरचे पाव्हणे

इनास फर्नांडिसला वाडीत फर्नांडिस कोणी म्हणत नसे. तो इनास बटलर. उभा जन्म आफ्रिकेच्या बोटींवर साहेबांना वाढण्यात गेलेला माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? पांढरा कोट, हातावर घडी घातलेला नॅपकिन आणि तोंडावर कायमचं अर्धं हसू. बोट सुटली तरी ते हसू काही सुटलं नाही. वाटेने कोणी गेलं की आपसूक येई आणि माणूस पुढे गेला की तसंच चेहऱ्यावर राहून जाई, बंद करायला विसरलेल्या दिव्यासारखं.

बायको वारली त्या वर्षी त्याने बोट सोडली. कार्मिन आजारी असल्याची तार त्याला मोंबासाला मिळाली आणि तो घरी पोचला तेव्हा तिच्या कबरीवर गवत उगवलं होतं. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, मागे जाऊन तो टोपी हातात धरून उभा राहिला. काय बोलावं ते सुचेना. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण दोघं एकत्र राहिली ती सुट्टीपुरती, आणि सुट्टीत सामान बांधण्याचीच घाई जास्त.

पहिले काही दिवस माणसं आली. शेजारच्या यशोदेने पेज पाठवली. मग ज्याचं त्याला काम. बाईमाणूस नसलेल्या घरात बायका कशा येणार, आणि पुरुषांचं त्याच्याकडे काम ते काय? इनास रोज सकाळी घरासमोरचं खळं झाडी, संध्याकाळी पायरीवर बसे. कुंपणापलीकडून कोणी विचारी, "काय इनास, बरो मां?" हा म्हणे, "बरो." संपलं दिवसाचं बोलणं. खायला-प्यायला ददात नव्हती, अंगात ताकद होती, नव्हतं ते एकच: न बोलावता येणारं माणूस. रात्रीचा भात तो एका मुठीचा शिजवी आणि तोही कधीकधी उरे.

अशात इगर्जीत फादर दियोग आले. वसईकडचे, वयाने तरुण, बोलणं पुस्तकातलं. गोवा अजून फिरंग्यांकडे होता, नाक्यावर पोलीस होते, त्यामुळे तिकडचे पाहुणे सणाला येईनासे झाले होते. ख्रिस्तांवांची घरं मुळात मूठभर. उपासाचा महिना लागला तेव्हा फादरनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना थांबवून घेतलं.

"येत्या पास्काच्या सणाला, ईस्टरला, आपण अख्ख्या वाडीला बोलावू," फादर म्हणाले. "पण आले, चहा प्याले आणि गेले, असं नको. त्यांनी पुन्हा यावं, आपणही त्यांच्याकडे जावं. नातं राहिलं पाहिजे. आता हे सगळं बघणार कोण?"

सगळ्यांच्या माना इनासकडे वळल्या. खळं इगर्जीला लागून, ऐसपैस. आणि पाव्हण्यांची उठबस त्याच्याइतकी कोणी केली होती? इनासने मान डोलावली ती नेहमीच्या अर्ध्या हसूने, पण आत त्याला भरून आलं होतं. पुन्हा यावं, हे फादर बोलले होते अख्ख्या इगर्जीसाठी. त्याला ऐकू आलं ते आपल्या एकट्यासाठी.

तयारीला लागला, तो बोटीवरचा इनास होऊन. म्हातारी रोजामाय म्हणाली, "भिकाजीकडसून वासे आणूया, यशोदेकडची टोपां आणूया. लग्नाक करतत तसा."

"पाव्हण्याकडसून कोण टोपां आणता, माय?" इनास म्हणाला. "पाव्हण्याचो हात कामाक लागता नये. येवचा, बसूचा, खावचा. बाकी सगळा आमी बघूचा."

फादरना ते फार पटलं. पण त्या वाडीत कार्य कसं होतं ते रोजामायला ठाऊक होतं. एकाकडून वासे येतात, दुसऱ्याकडून घागरी. आदल्या दिवशी बायका खोबरं किसायला बसतात आणि पुरुष मांडव घालताना भांडतात. प्रत्यक्ष कार्याच्या दिवशी पाव्हणा असा कोणी उरतच नाही, कारण सगळेच दमलेले असतात. इनासला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते त्याचं लहानपणचं. मधे सगळा समुद्र होता.

शेजारी भिकाजी, म्हणजे यशोदेचा नवरा, एकदा कुंपणाशी येऊन म्हणाला, "मांडवाक वासे माझ्या शेतातल्या मांगरात पडलेत रे. उचलून घेवन जा."

"नको रे. मालवणसून कनात येतली. खुर्च्योय येतल्यो."

"खुर्च्यो?" भिकाजीने जरा वेळ कुंपणावर हात ठेवला, मग काढला. "बरां."

यशोदा मागाहून विचारायला आली, "भावोजी, आदल्या दिवशी आमी बायलमाणसां येव मां? काय किसूचा, वाटूचा आसात तर?"

"काय नको, वयनी. तुमी फकस्त येवा."

चहासाठीही त्याने डोकं चालवलं. आपल्या हातचं पाणी कोणाला चालेल, कोणाला नाही. कोणावर नाही म्हणायची पाळी येऊ नये म्हणून कट्टा गावच्या बाजारातला चहावाला हरिश्चंद्र त्याच्याच भांड्यांसकट, त्याच्याच चुलीसकट ठरवला. वर केळी आणि बाजारातली बुंदी. कुठे बोट ठेवायला जागा नाही. आपल्या हुशारीवर इनास मनातल्या मनात खूश होता, आणि एवढी वर्षं लोकांना खूश करून पोट भरलेल्या माणसाला तेवढं खूश व्हायला काय हरकत होती?

मग फादरना घेऊन, कोट घालून तो घरोघर आमंत्रण करून आला. कोणी नाही म्हटलं नाही.

ख्रिस्ताच्या दुखवट्यात गुरुवारपासून मुकी असलेली इगर्जीची घंटा पास्काच्या पहाटे वाजली आणि दुपार कलल्यावर वाडी आली. सगळी आली. जन्मात सदरा न घालणारा गंगाराम सदरा घालून आला. बायकांनी पेटीतली लुगडी काढली होती. खुर्च्यांच्या ओळी मांडलेल्या, बायकांच्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. खुर्चीत बसायची सवय कोणाला? एकेक जण कडेवर टेकला, पाय जुळवून, हात मांडीवर घेऊन, तालुक्याच्या कचेरीत बसतात तसा. जी तोंडं विहिरीवर दोन शेतं पलीकडे ऐकू जात ती इथे कुजबुजत होती.

इनास ओळींमधून फिरत होता. कोट कडक, हात पोलादी. कप हरिश्चंद्र भरी, इनास फक्त तबक धरी आणि त्यातून एक थेंब बशीत सांडला नाही. प्रत्येकाच्या डाव्या बाजूने वाकत होता. साहेबांना जे दिलं तेच आज आपल्या माणसांना देतोय, या विचाराने त्याचं वाकणं आणखीच अदबीचं होत होतं. भिकाजीला ते बघवेना. तो अर्धवट उठला आणि तबकाला हात घालू लागला. इनासने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"बस तू. तू आज पाव्हणो."

भिकाजी बसला. बसून आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला.

फादर दोन शब्द बोलले, चांगलं बोलले. मग कोणीतरी खाकरलं, गंगाराम उठला आणि त्याच्यामागून सगळे उठले. "चांगला केलंस हां, इनास." "कायएक कमी पडूक नाय." "साहेबाच्या वरताण." सूर्य अजून माडांच्या वर होता तेव्हा खळं मोकळं झालं.

"एकही घर चुकलं नाही, इनासबाब," फादर त्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले. "आपलं काम झालं."

खुर्च्या मोजून गाडीवर चढल्या आणि गाडी गेली. हरिश्चंद्र चूल विझवून गेला. इनासने कोट काढला, खळं झाडलं आणि पायरीवर बसला. सगळीकडे खुर्च्यांच्या पायांनी पडलेली भोकं होती. एवढी माणसं येऊन गेली आणि आपण कोणाशी काय बोललो, ते तो आठवायला लागला. "आणखी चाय देव?" याच्यापलीकडे त्याला काही आठवलं नाही.

तरी त्याने वाट बघितली. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी चहाचं आधण जास्तीचं ठेवू लागला. कोणी आलं नाही. उलट जे होतं तेही बिघडलं. पूर्वी कुंपणापलीकडून "काय इनास" तरी व्हायचं, आता लोक थांबून हात जोडू लागले. यशोदा त्याला बघून पदर सारखा करू लागली. फादरनी रविवारी विचारलं, "मग, आलं का कोणी?"

"येतले," इनास म्हणाला. तोंडावर अर्धं हसू होतंच. त्या हसूची त्याला पहिल्यांदाच चीड आली.

आमंत्रणाने माणसं येतात आणि आमंत्रणाबरोबर जातात, हे का व्हावं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी पावसाआधी भिकाजी कुंपण बांधायला लागला होता तेव्हा इनास त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"भिकाजी, एक इचारू? खरा सांग. माझ्याकडे काय कमी पडला?"

भिकाजीने काथ्याची गाठ मारली. "काय कमी पडूक नाय. तांच तर झाला."

"म्हणजे?"

"आमी तुझे शेजारी होताव, इनास. तू आमका पाव्हणे केलंस. पाव्हणो एकदा येता, ग्वाड खाता आणि जाता. तो परत कित्याक येतलो? तुका माझो वासो नको, माझ्या बायलेचा टोप नको. माझो हातसुद्दा नको झालो तुका. जेका आमचा कायच लागणा नाय तेच्याकडे आमी जावन करतलाव काय?"

भिकाजीने पुढची काठी घेतली.

"तुझी बायल दिसाक चार येळा आमच्या मागल्या दारात. आज मिरची दी, उद्या चुलीक इस्तो दी."

"मिरची?" इनासला ते लागलं. "मी सगळा पाठवी होतंय रे. घरात कशाचीच उणीव नव्हती."

"म्हायत आसा," भिकाजी म्हणाला. "यशोदेकय म्हायत होता. मिरची घेवक येय आणि तासभर बसान ऱ्हवी."

भिकाजी कुंपण बांधत पुढे सरकला. इनास तिथेच उभा राहिला. भरलेल्या घरातून रिकामी मूठ घेऊन शेजारच्या मागील दारी जाणारी कार्मिन त्याला दिसली. सुट्टीत तो विचारी, "काय कमी नाय मां?" आणि ती म्हणे, "नाय." तो निश्चिंत होऊन परत बोटीवर चढे. त्याला आता जे एकटेपण खात होतं ते त्याचं एकट्याचं नव्हतंच. ते या घरात आधीपासून होतं, तिने ते एकटीने काढलं होतं आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. त्याला रडू आलं. कबरीपाशी आलं नव्हतं ते कुंपणाशी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भिकाजीच्या मागील दारी गेला. कोट नव्हता, पायात वहाणा नव्हत्या. यशोदा विळीवर खोबरं खवत होती, ती दचकून उठली.

"काय व्हया, भावोजी?"

काय हवं ते इनासने ठरवलंच नव्हतं. बोटीच्या कोठारातल्या झाडून सगळ्या जिनसा ज्याला तोंडपाठ, त्याला एक नाव आठवेना. मागायची जिभेला सवय नव्हती. तो दाराशी उभा राहिला आणि त्याचे कान तापले.

"कढी आसा?" तो कसाबसा म्हणाला. "आज रांधूक कंटाळो इलो."

यशोदेने त्याच्याकडे नीट बघितलं. मग आत जाऊन जर्मनचं एक भांडं भरून कढी घेऊन आली. भांडं त्याच्या हातात देताना म्हणाली, "भांडा देवक येताना रिकामा हाडू नकात हां. कार्मिन कधी रिकामा हाडूक नाय."

इनास घरी आला. कढी-भात जेवला, भांडं घासलं आणि त्यात घालायला काहीतरी शोधू लागला. बिस्किटांचे डबे निघाले. डब्यातलं दूध, साहेबी चहा, जॅमची बाटली. एकेक वस्तू भांड्यात ठेवून बघितली आणि काढून घेतली. कार्मिन यातलं काही घालत नसणार. ती काय घालायची? परसातलं काही? हातचं काही? नवऱ्याला ठाऊक असायला हवं होतं. त्याला नव्हतं.

सकाळी तो ते रिकामं भांडं घेऊनच मागील दारी गेला. यशोदा सुपात तांदूळ पाखडत होती.

"वयनी, रिकामाच हाडलंय," तो म्हणाला. "माका म्हायत नाय. कार्मिन हेच्यात काय घाली?"

यशोदेने भांड्यात बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. तिथे आज हसू नव्हतं. तिने सूप बाजूला ठेवलं आणि पाट पायाने त्याच्याकडे सरकवला.

"बसा, भावोजी," ती म्हणाली. "सांगूक येळ लागतलो."