क्लॅरनेटची जागा

मोंढ्यामागच्या जिनिंगचं कापसाचं गोदाम आषाढात रिकामं असतं, म्हणून इंद्रायणीनं ते आठवडाभरासाठी मागून घेतलं होतं. जुन्या गाद्या उभ्या करून भिंती झाकल्या होत्या. औरंगाबादहून आलेला रेकॉर्डिंगवाला आठ ट्रॅकच्या मशीनसमोर बसला होता, आणि इंद्रायणीचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. कीबोर्डापासून दारापर्यंत, दारापासून माइकपर्यंत नुसत्या येरझारा. सकाळपासून दोन टेक आगगाडीच्या शिट्टीनं वाया घालवले होते.

"बस की जरा," मच्छिंद्र गिटारच्या तारा पिळत म्हणाला. "तुला बघून मला गरगरायलंय."

मच्छिंद्र टेंभुर्णीचा, ड्रम वाजवणारा भुजंग जालन्याचा आणि इंद्रायणी इथलीच, परतूरची. औरंगाबादला कॉलेजात असताना तिघं एकत्र आले ते एका कॅसेटमुळं. कुठल्याशा परदेशी बँडची, कॉपीवरून कॉपी होत आलेली. एकेक गाणं वीस मिनिटांचं, मधेच ताल मोडणारं, आणि गिटारच्या पाठीमागं व्हायोलिनांचा भलामोठा ताफा. त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे त्यांना फार उशिरा कळलं, पण तोवर तिघांना त्याचं वेड लागलं होतं. पुढं इंद्रायणी जालन्याच्या शाळेत संगीत शिकवायला लागली, तरी वेड उतरलं नाही. तिनं स्वतःची गाणी रचली. त्यांतलं सगळ्यात मोठं 'कोरडवाहू'. त्याला मागं ऑर्केस्ट्रा हवा होता.

"ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत सिनेमाची गाणी म्हणणारे," भुजंग म्हणाला होता. "व्हायोलिनं कुठून आणणार?"

"माझ्या घरी हाय की ऑर्केस्ट्रा," ती म्हणाली होती. "लाल कोटातला."

तिचे वडील आबाराव, तिचे दादा. त्यांचे वडील मेंढरं वळायचे आणि पावा वाजवायचे. आबारावांनी पाव्याऐवजी क्लॅरनेट हातात घेतली आणि परतूरच्या पंचक्रोशीतली निम्मी लग्नं आपल्या ब्रास बँडनं लावून दिली. लहानपणी इंद्रायणीला वरातीबरोबर जायची बंदी होती. पोरीबाळींनी बँडमागं फिरायचं नाही. ती दारात उभी राहायची. वरात पार तिकडं वेशीजवळ असली, तरी ट्रंपेटांच्या, ढोलांच्या वर चढलेला एक सूर तिच्यापर्यंत यायचा, आणि त्यात ती आपल्या बापाला ओळखायची. 'कोरडवाहू'च्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि एकटी क्लॅरनेट वर चढत जाते. ती जागा तिनं त्याच सुरासाठी लिहिली होती.

गोदामात जमलेल्या आबारावांच्या बँडवाल्यांनी सात मात्रांचा ताल महिनाभर घोकून बसवला होता. बाहेरून आगगाडी निघून गेली. रेकॉर्डिंगवाल्यानं हात वर केला. गिटार, ड्रम, ट्रंपेटं सगळं चढत गेलं आणि थांबलं. आबारावांनी क्लॅरनेट ओठाला लावली. सूर निघाला, वर गेला, आणि टोकाला पोचता पोचता चिरकला.

"पत्ती ओली झाली," आबाराव म्हणाले.

क्लॅरनेटच्या तोंडाची पत्ती बदलली. पुन्हा तेच. मग हवा दमट हाय म्हणाले. मग माइक लै जवळ हाय म्हणाले. दर वेळी वाजवून झालं, की ते रुमाल तोंडावर धरत होते. बँडवाले खाली बघत होते.

जेवायला घरी गेल्यावर इंद्रायणी आईजवळ चुलीपुढं बसली. "दादांना काय झालंय?"

द्वारकाबाई आधी भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "वरचे दात काढले समदे. लग्नसराई सरल्यावर. कवळी बसवलीय, ती हालते. तुला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातल्ती मला."

"मंग हो कशाला म्हणले?"

"तू पहिल्यांदाच काहीतरी मागितलंस त्यांच्यापाशी."

हे ऐकून तिनं शांत व्हायला हवं होतं. पण ती जेवणावरून तशीच उठली. रेकॉर्डिंगवाला दुसऱ्या दिवशी दुपारी जाणार होता. डोक्यात तोच चिरकलेला सूर फिरत होता. गोदामात परत आल्यावर पहिला टेक पुन्हा चिरकला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, सगळ्यांसमोर:

"म्हस्कूकाका, ही जागा तुम्ही वाजवा."

म्हस्कू आबारावांचा चेला, दुसरी क्लॅरनेट वाजवणारा. तो काही उठला नाही. आबारावांनी क्लॅरनेटचे तुकडे एकेक करून सोडवले, पुसले, पेटीत ठेवले आणि ते दाराबाहेर पडले. थोड्या वेळानं म्हस्कू उठला. त्याच्यामागं मोठ्या भोंग्याचं युफोनियम वाजवणारा, मग ट्रंपेटवाले, मग ढोलवाला.

"तुझ्यावर राग न्हाई पोरी," म्हस्कू दारात म्हणाला. "पण मास्तर न्हाईत तर आम्ही कुणाकडं बघून वाजवायचं?"

गोदाम रिकामं झालं. भुजंगनं काठ्या मांडीवर ठेवल्या.

"कीबोर्डवर घेऊ," मच्छिंद्र म्हणाला. "व्हायोलिनचा आवाज हाय त्यात. बराबर बसंल."

"न्हाई बसणार," ती म्हणाली आणि चपला पायात सरकवून निघाली.

आबाराव बँडच्या दुकानात सापडले. खुंट्यांना लाल कोट टांगलेले, त्यांच्याखाली ते बाकावर बसले होते. दुकानाचं दार निम्मं ओढलेलं. ती समोर बसली, उठली, पुन्हा बसली.

"समद्यांसमोर बोललीस," ते म्हणाले.

"चुकलं माझं. पण तुम्ही सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर बोलावलंच नसतंस."

"बोलावलं असतं, दादा. दुसरं लिहिलं असतं."

बाहेरून मोंढ्यातल्या हमालांचा आवाज येत होता.

"खाली आणते ती जागा," ती म्हणाली. "वर चढायचंच न्हाई. खालच्या सुरात."

"माझ्यासाठी गाणं मोडू नको. म्हस्कू वाजवील. चांगला वाजवतो. मी सांगतो त्याला."

"म्हस्कूकाका वाजवतील ते बराबर असंल. पण मला ते नको वाटतंय. काय पायजे तेबी कळंना झालंय."

आबारावांनी तिच्याकडं बघितलं. मग तोंड फिरवून त्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि पुन्हा तिच्याकडं वळले. गाल आत गेले होते. आपल्या बापाचा हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. नजर खाली घ्यावी की नाही, तिला समजेना. तिनं घेतली नाही.

त्यांनी पेटीतली क्लॅरनेट जोडली, दोन्ही ओठ आत दुमडून ती धरली आणि अगदी खालचा सूर लावला. त्यात सुरापेक्षा वाराच जास्त होता. घोगरा, दमलेला, पण चिरकला नाही. सूर हळूहळू सरकत गेला, अडला, पुन्हा निघाला. लहानपणी दारातून ऐकलेला सूर हा नव्हताच. हे चांगलं आहे की फक्त आपल्या बापाचं आहे म्हणून चांगलं वाटतंय, हे काही तिला ठरवता येईना.

"उद्या सकाळी," ती म्हणाली.

सकाळी सगळे आले. आबारावांनी आपली खुर्ची भिंतीकडं फिरवून घेतली, कवळी काढली आणि सगळ्यांकडं पाठ करून बसले. बँडवाल्यांनी त्यांच्या खांद्यांकडं बघून ताल धरला. ती जागा आली. घोगरा सूर गोदामात पसरला. भुजंगनं डोळे मिटले. मच्छिंद्रला पुढची गिटार तिथल्या तिथं हळू करावी लागली.

"श्वासाचा आवाज लै आलाय," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "पुन्हा घ्यायचं?"

सगळ्यांनी इंद्रायणीकडं पाहिलं. तिनं ओठ चावला.

"नको. हाच."

दिवाळीच्या आधी कॅसेट निघाली. परतुरात ती ज्यांनी घेतली, त्यांनी ओळखीपायी घेतली, आणि यात नाचायचं कुठं, असं विचारलं. पुण्याच्या कुणीतरी मच्छिंद्रला वाजवायला बोलावलं आणि तो गेला. पुढच्या लग्नसराईत वरातीपुढं म्हस्कू चालला. आबाराव दुकानात बसून नव्या पोरांना शिकवू लागले, कवळी न लावता, कुणाचीही भीड न धरता.

कॅसेट त्यांनी एकदाच ऐकली. संपल्यावर बटण दाबून म्हणाले, "ट्रंपेट दोनदा पुढं पळालंय."

"आणि क्लॅरनेट?"

"ती बी थोडी घाईत हाय. तुझ्यासारखीच." मग म्हणाले, "नवीन काय करायलीस?"

इंद्रायणी बाकावरून उठली, दारापर्यंत गेली, परत आली, आणि टेबलावर बोटांनी पाच मात्रांचा ठेका धरून त्यांना ऐकवू लागली.