चाळिसावं घर

"मूठ आवळ," म्हणत तिने आईच्या दंडाला रबरी पट्टा बांधला.

"आवळलेलीच आहे. जन्मभर दुसरं काय केलं?"

बाबा खिडकीपाशी बाही वर सारून बसले होते, शाळेत लस टोचायला रांगेत बसवल्यासारखे.

मुलीचा हात सराईत होता. डोकं मात्र दीड वर्ष या दोघांपाशी अडकलं होतं. सर्दी-तापाचे विषाणू घरातल्या घरात कसे पसरतात, हा तिच्या संशोधनाचा विषय. चाळीस जोडपी, दर सोमवारी प्रत्येकाने घरीच नाकात फिरवून प्रयोगशाळेत धाडलेली एकेक काडी. एकोणचाळीस घरांचा हिशेब सरळ होता. एकाला सर्दी झाली की तोच विषाणू आठवड्याच्या आत दुसऱ्याच्या नाकात हजर. अबोला, वेगळ्या खोल्या, कशालाही तो जुमानत नसे. चाळिसावं घर तिच्या आईवडिलांचं. दीड वर्षात आई सहा वेळा आजारी, बाबा चार वेळा; पण दहांपैकी एकाही विषाणूने या नाकातून त्या नाकात पाऊल टाकलं नव्हतं.

तिने यंत्र तपासलं, रसायनं बदलली, नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून प्रयोगशाळेतल्या सहकारिणीवर विनाकारण डाफरली. तरी कोडं सुटेना. तिच्या मार्गदर्शक सरांना मात्र कोडं पडलंच नव्हतं.

"यांच्या रक्तात घबाड आहे," ते म्हणाले होते. "रक्त आण. शोधनिबंध यावरच उभा करू. मग तुझी नेमणूक कायम झालीच म्हणून समज."

आईची नळी भरली. कोपराच्या खळगीत कापूस दाबत आई चहा टाकायला आत गेली. मुलीने बाबांची शीर शोधली आणि सुई घातली.

"साखर किती?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

मुलगी तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "अर्धा चमचा. आता अर्धाच घेतो."

सुई शिरेत होती म्हणून तिने हात हलू दिला नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात आईने बाबांना साखर विचारल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं.

चहा झाल्यावर तिने अर्ज काढला. "रोज किती तास एका छताखाली?"

"नेहमीचंच लिही," आई म्हणाली आणि कप उचलून आत गेली. बाबा छताकडे बघू लागले.

तिने ती जागा कोरी ठेवली.

बर्फाची पेटी बाबांनीच हट्टाने उचलली आणि ते तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. थांब्यावर पेटी बाकावर ठेवून म्हणाले, "दर सोमवारी सकाळी मी घरी येतो. काड्या घालतो, शिंकतो आणि जातो."

"जाता? कुठे?"

"पाण्याच्या टाकीमागे खोली घेतलीय. ऊन चांगलं येतं."

"कधीपासून?"

"तुझा अभ्यास सुरू झाला त्याच्या महिनाभर आधीपासून."

"भांडलात?"

"नाही गं. भांडलो असतो तर सांगायला सोपं गेलं असतं."

"मग पहिल्या अर्जावर एकत्र राहतो असं का लिहिलंत?"

"तुला चाळीस घरं हवी होती, एक कमी पडत होतं. तुझी आई म्हणाली, पोरीसाठी एवढं तरी मिळून करू." मग जरा ओशाळून ते म्हणाले, "वाटलं, तुला कळेलच. दर आठवड्याला आमचंच तर नाक बघतेस."

रागवायचं कुणी, संशोधकाने की मुलीने, हे ठरायच्या आतच बस आली. बाबांनी पेटी वर दिली, हात हलवला, आणि घराच्या उलट दिशेला चालू लागले. चाल मोकळी होती, की वाकलेली? मागच्या काचेतून तिला नीट कळलं नाही.

ती पेटी मांडीवर घेऊन बसली. बाबांच्या नळीवरची चिठ्ठी सोलून तिने नवी चिकटवली. घर क्रमांक : एकेचाळीस. माणसे : एक.

आईच्या नळीवर 'माणसे : दोन' होतं. खोडायला तिने पेन टेकवलं. बस फार हलतेय, असं स्वतःला सांगून उचललं.

बस तेव्हा सिग्नलला उभी होती.