खुर्चीला वन्समोअर

दिवाळीनंतर चाकणची कांद्याची वखार रिकामी होते, पण वास भिंतीतच राहतो.

पिंपरीच्या कारखान्याचा भोंगा चाकणला ऐकू येत नाही. तरी चाकणची बरीच घरं आता त्याच्यावर उठतात.

हिरवा पडदा. मखमलीचा, एका कोपऱ्यात उंदरानं खाल्लेला. गावात लग्न निघालं की अंतरपाट म्हणून जातो, हळदीचे डाग घेऊन परत येतो.

हाताची लाकडी खुर्ची. डॉक्टरांच्या दवाखान्यातली. नाटक असेल त्या दुपारी रोगी उभे राहतात.

"आवाज जाऊ दी भाईर. तू न्हाई जायचं."

हे गोजाबाई म्हणाल्या होत्या, आपल्या सुनेला, शालनबाईला. त्याला काही वर्षं झाली. आता एकोणीसशे सत्तावन्न.

*

वखार सोपानरावांची, नाटक मंडळीही त्यांचीच. पाच नाटकं बसवलेली, आलटून पालटून होत. प्रयोग पूर्वी रात्री असे. पोरं कारखान्यात रात्रपाळीला जाऊ लागली तसा रविवारी दुपारी आला. तेराव्याला सतरंजी, वरातीला गॅसबत्त्या, शाळेच्या संमेलनाला जिरेटोप, सगळं मंडळीकडून जाई. मंडळीला खुर्ची, समई, शालू लागला तर तो गावातून येई. शोकांत नाटकाला लोक लवकर रडत. सोपानराव म्हणत, "आमच्याकडं रडायची ग्यारंटी हाय. निम्मं काम कांदाच करतो."

नायिका म्हणजे ज्योतीराम. मान अशी वळवायचा की बायका घरी जाऊन आरशासमोर तसं करून बघत. पण पंचविशीत त्याचा आवाज भरड झाला. तेव्हापासून तो नुसते ओठ हलवी आणि पदं विंगेतून शालनबाई म्हणे. नवरा, बबनराव, पेटीवर. ते रंगमंचापुढे, लोकांत. शालनबाई मागे, हिरव्या पडद्याआड, पोत्यावर. नवा पडदा शिवल्यापासून जुना हिरवा विंगेत टांगलेला होता. गावाला सगळं ठाऊक होतं. तरी वन्समोअर आला की ज्योतीराम लवून नमस्कार करी आणि गाव त्यालाच टाळ्या देई.

शालनबाईला टाळ्या नको होत्या. तिला गाणं म्हणताना माणसांची तोंडं बघायची होती, एकदाच. उंदरानं खाल्लेल्या कोपऱ्यातून फार तर नवऱ्याची टाळू दिसे.

*

त्या रविवारी 'राणीचा वनवास' होतं. वखार भरली, नांदी झाली, ज्योतीराम आला नव्हता. पिंपरीहून सायकलवर आलेल्या एकानं निरोप आणला. सोपानराव विंगेत आले.

"वहिनी, कारखान्यात ज्योतीरामच्या पाळीला बदली मानूस आलाच न्हाई. कंपनीनं वव्हरटाइमला धरून ठिवलाय."

"मंग?"

"मंग तुमी. शालू हाय, मुकुट हाय. भाषनं तुमाला समदी पाठ हायत."

राजा झालेले अर्जुनराव मिशी चिकटवत होते. "सोपानराव, मी वहिनींना प्रिये कसा म्हनू? पाय लटपटतील माझं."

"एरवी बी लटपटत्यात. तू गप."

शालनबाईनं शालू उचलला. खांद्यावर टाकला. तो सावकारांच्या सुनेचा होता, जड होता, कापराचा वास येत होता. पडद्याचा कोपरा तिनं जरा वर धरला. बायकांच्या बाजूला, अगदी पुढे, गोजाबाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर मिशरीची डबी.

"मी इचारतो गोजाआक्काला," सोपानराव म्हणाले.

"नका."

"अवो, समद्या गावाम्होरं न्हाई म्हननार न्हाईत त्या."

"तेच तर. हिथं व्हय म्हनतील. आन घरी जाऊन दोन दिस जेवनार न्हाईत."

शालनबाईनं शालू खांद्यावरून काढून त्याची घडी घातली. बाहेर कुणीतरी शिटी मारली.

"खुर्ची ठिवा मधी," ती म्हणाली. "शालू तिच्यावर टाका."

"आन राणी?"

"राणी बोलंल की."

*

पडदा उघडला. खुर्ची. शालू.

मागून एकजण म्हणाला, "सोपानराव, राणी लईच वाळली. वनवासात जेवली न्हाई जनू."

वखार हसली. अर्जुनराव पहिलं वाक्य विसरले, दुसऱ्यापासून सुरू झाले. त्यांनी खुर्चीला विचारलं, प्रिये, तू मला ओळखलं नाहीस का?

विंगेतून उत्तर आलं. आजवर तिथून फक्त गाणं येई. बोलणं आज पहिल्यांदा आलं. राणी म्हणाली, ओळखलं. तुम्ही मला कधी ओळखाल, याची मी वाट बघत होते.

हसणं थांबलं.

दुसऱ्या अंकात पद होतं. शालनबाईनं डोळे मिटायचं ठरवलं होतं, मिटले नाहीत. ती हिरव्या मखमलीकडे बघत गायली. मखमलीवर हळदीचे जुने डाग होते. हात लांबवला असता तर पडदा सरकला असता; हात तिच्या मांडीवरच होता, पण मूठ वळलेली होती.

वन्समोअर.

अर्जुनरावांनी विंगेकडे बघितलं, मग लोकांकडे. नमस्कार कोण करणार? शेवटी तेच खुर्चीसमोर लवले. वखार पुन्हा ओरडली. शालनबाईनं पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा हळू.

म्हणता म्हणता तिनं कोपरा वर धरला. बबनरावांची बोटं पेटीवर चालत होती, पण मान वर होती. ते खुर्चीकडे बघत नव्हते. हिरव्या पडद्याकडे बघत होते. त्यांच्या पलीकडे गोजाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. कांद्याचं असेल.

*

ज्योतीराम पोहोचला तेव्हा लोक उठत होते. खाकी कपडे, हातांना तेल. तो थेट विंगेत आला.

"वहिनी, पद दारातून ऐकलं मी. दुसऱ्यांदा म्हनलं ते."

"कसं येतं रं समोरून?"

त्यानं हात खाकी विजारीला पुसले. "तिथं उभा असतो तवा मला कायबी ऐकू येत न्हाई. पुढं काय करायचं त्यातच असतो मी. आज ऐकलं." मग म्हणाला, "लांबून येतं. लई लांबून. पन येतं."

"आन लोकांची तोंडं?"

"मी मागं हुतो, वहिनी. मला पाठी दिसल्या."

शालनबाई हसली. शालूची घडी घालून त्याच्या हातात दिली. "तेल लावू नको. सावकाराची सून ओरडंल."

*

घरी जाताना सासूसुना कांद्याच्या रिकाम्या गाड्यांमधून चालत होत्या. बबनराव पेटी घेऊन मागे राहिले होते.

"मिठाच्या गुळण्या कर," गोजाबाई म्हणाल्या. "आज लई बोललीस."

"व्हय."

"म्होरल्या रयवारी हाय का नाटक?"

"हाय."

"ज्योतीराम येनार ना?"

"येनार."

"मंग बरं." गोजाबाईंनी डबी उघडली, बंद केली. थोडं चालल्यावर म्हणाल्या, "खुर्चीवर कुनी बसलं असतं तरी चाललं असतं."

पुढे वळणावर डॉक्टरांचा गडी डोक्यावर खुर्ची घेऊन दवाखान्याकडे चालला होता.

*

शालनबाईच्या लग्नात अंतरपाट हाच हिरवा पडदा होता. मंगलाष्टकं संपल्यावर तो धरणाऱ्या दोघांनी बाजूला ओढला, तेव्हा समोर बबनराव उभे होते आणि त्यांच्यामागे सगळं गाव.